कांब्याझोची चित्रं आणि शाळेचा गोल शिक्का

लूका कांब्याझो हा इटलीतल्या जेनोवाचा चित्रकार. जन्म १५२७चा. उतारवयात स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने माद्रिदजवळच्या एस्कोरिअल या आपल्या राजवाडा-मठात बोलावून घेतला आणि १५८५ मध्ये तिथेच वारला. बाळ येशूला घेऊन मिसर देशाकडे निघालेले मरीया-योसेफसुद्धा हा माणूस आपल्या रेखाचित्रांत चक्क ठोकळ्यांनी रचतो. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना मानवाकृती मी जन्मभर तशीच शिकवली, त्यामुळे मुलीकडे युरोपात गेल्यावर ही रेखाचित्रं बघायचीच होती.

ती भिंतीवर नसतात. उजेडाने कागद, शाई खराब होतात म्हणून पेट्यांत ठेवतात आणि आधी वेळ घेतली तर काढून दाखवतात. अर्ज ऑनलाइन, पाच मिनिटांचा. पुढे मात्र त्या संग्रहालयाने (नाव घेत नाही) जीव काढला. ‘आपण कोणत्या संस्थेतर्फे?’ निवृत्त कलाशिक्षक, लिहिलं. ‘संस्थेचं पत्र जोडा.’ निवृत्त आहे हो, संस्था कुठून आणू? उत्तरात तेच वाक्य, फक्त माझं आडनाव नव्या पद्धतीने चुकवलेलं. मग मखलाशी अशी, की चित्रं संकेतस्थळावर उत्तम दिसतात, तेवढ्यावर भागणार नाही का? इथे माझं डोकं फिरलं. कांब्याझोच्या नकला पूर्वीपासून ढीगभर झाल्यात. रेघ त्याच्या हातची की नकलाकाराची, हे पडद्यावर बघून ठरवू? तसंच लिहून पाठवलं, जरा सौम्य करून. आठवडा गेला तरी हूं की चूं नाही.

शेवटी आमच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. त्यांनी शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी लिहून, सही करून खाली गोल शिक्का हाणला. दुसऱ्या दिवशी वेळ मिळाली! शिक्क्याचा महिमा तिकडेही आहे.

आत फक्त पेन्सिल नेता येते, पेन बाहेर. आणि हो, अर्जात नुसतं चित्रकाराचं नाव चालत नाही, प्रत्येक चित्राचा नोंदणी क्रमांक लागतो. तो संकेतस्थळावर चित्राखालीच असतो.

मरीयेच्या गुडघ्यापाशी टाकाची रेघ एका झटक्यात वळलीय, वळणावर तपकिरी शाई साचलीय. शेजारच्या नकलेत तीच रेघ अडखळत, थांबत गेलीय. म्हणून यादी करताना ‘कांब्याझोनुसार’ (म्हणजे त्याच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेली) अशी नोंद असलेली एक-दोन चित्रंही मागून घ्या. ती कुणी मागत नाही, चटकन मिळतात.