आमच्या गल्लीतली पुराची दोरी

सांगलीच्या गावभागात एक जुनं हळदीचं गोडाऊन आहे, आता तिथं कलाकेंद्र चालतं. केंद्र म्हणजे काय तर दोन खोल्या, एक स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल आणि दिवसभर चहा. कलाकाराला तीन महिने राहायला जागा देतात, सामानाला थोडे पैसे देतात, अट एकच, काम गल्लीतल्या लोकांना घेऊन करायचं. यंदा मिरजेची एक पोरगी आली होती, ती हातात खडू घेऊन घरोघरी विचारत सुटली, 2019 ला पाणी कुठवर आलेलं?

माझी आत्या तर भडकलीच. "आत्ता कुठं रंग काढलाय, परत चिखल कशाला आठवायचा?" आणि मग तिनंच तासभर सगळं सांगितलं, गव्हाचं पिंप कसं तरंगत होतं इथपर्यंत.

खरी मजा पुढं. शेजारी शेजारी दोन घरं, एक म्हणतंय पाणी फ्रीजच्या वर, दुसरं म्हणतंय छे, खिडकीपर्यंतच. भांडणच लागलं की. शेवटी गल्लीतले एक गवंडीकाका लेव्हल पाइप घेऊन आले, तीच पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला, "धर रे नीट, बुडबुडा काढ." बघतो तर दोन्ही खुणा चार बोटांच्या फरकानं एकच! जोतं खालीवर होतं हो, पाणी सगळ्यांकडं सारखंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 57 फूट म्हणून आम्ही आकडा नुसता ऐकलेला, तो त्या दिवशी स्वयंपाकघरात दिसला. मग त्या पोरीनं गल्लीच्या दोन्ही बाजूंनी निळी दोरी बांधली, वर 2019 ची आणि दोनएक फूट खाली 2021 ची.

आता पैशाचं. एका ठिकाणी मदतीसाठी अर्ज केला तर फॉर्मवर रकाना, लाभार्थी किती आणि तयार झालेल्या कलाकृती किती. काय लिहायचं, दोरी एक? बाबा सारखे ऐकवतात की 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीता स्वयंवर नाटक केलं, सांगली म्हणजे नाट्यपंढरी. बरोबर आहे, पण भाव्यांच्या मागं चिंतामणराव पटवर्धन होते ना, संस्थानचे राजे! आणि कलाकारानं लोकांत जायचं हे काय आजचं खूळ नाही, वाटेगावच्या शाहीर अण्णा भाऊ साठ्यांनी लालबावटा कलापथकातून तेच केलं. केंद्राचं भाडं सध्या गणपती मंडळांचे टी-शर्ट छापून निघतंय, म्हणजे श्रावण-भाद्रपदात बरं, बाकी उधारी.

पोरगी गेली मागच्या महिन्यात. दोरी अजून आहे. 2021 ची आत्याच्या हाताला येते, काल बघितलं तर तिनं त्यावर टॉवेल वाळत घातलेला. मी म्हटलं, अगं ते काम आहे त्या पोरीचं! तर म्हणे, "मग? दोरी माझ्या दारात आहे की."