शनिवारची अंडी, रविवारची शोधाशोध

शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, नाताळाची तारीख कुणाला विचारावी लागत नसे, ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, मेळाव्याची मात्र दरवर्षी विचारावीच लागे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा, हा हिशोब मोठ्यांना तोंडपाठ. त्यामुळे सण कधी 22 मार्चइतका लवकर, तर कधी 25 एप्रिलइतका उशिरा. 2024 मध्ये तो 31 मार्चला आला, 2025 मध्ये 20 एप्रिलला. मुलं मात्र पौर्णिमेच्या भानगडीत पडत नसत. भस्म बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटला, की घराघरांत कांद्याची सुकी सालं साठवायला सुरुवात व्हायची. तीही कागदी पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर सालांना बुरशी धरते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

अंडीच का, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी चिमुरडं विचारायचंच. बंद कबर आणि तिच्यातून बाहेर आलेलं जीवन, हे उत्तर ठरलेलं. दुसरं उत्तर स्वयंपाकघरातलं. मध्ययुगीन युरोपात उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य असत, पण कोंबड्यांना त्याचं काय? त्या अंडी घालतच राहायच्या आणि सणापर्यंत ढीग साचायचा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या जमाखर्चात 450 अंडी सजवायला 18 पेन्स लागल्याची नोंद आहे. म्हणजे शनिवारी संध्याकाळी रंगाने बरबटलेल्या आपल्या बोटांमागे निदान सातशे वर्षांची परंपरा होती!

खरा मेळावा भरायचा तो शनिवारीच. अंडी आठवडाभर आधीच आणून ठेवलेली असत, कारण अगदी ताज्या अंड्याचं कवच सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात. रुंद पातेल्यात अंड्यांचा एकच थर लावायचा, वर दोन बोटं येईल इतकं गार पाणी ओतायचं आणि उकळी फुटली की आच कमी करून दहा ते बारा मिनिटं ठेवायचं. घाईघाईत कुणी थंडगार अंडं थेट उकळत्या पाण्यात सोडलं, की टक्कन तडकायचं आणि पांढऱ्याची दोरी बाहेर यायची. जास्त उकळलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्याचा तो परिणाम. खायला काही अपाय नाही, पण मुलं तोंड वाकडं करायची.

सालांचा रंग आधीच तयार असायचा. डझनभर अंड्यांसाठी दहा-बारा कांद्यांची सालं, लिटरभर पाणी आणि अर्धा तास मंद आच. मग गाळून दोन मोठे चमचे व्हिनेगर. गाळायला विसरलात तर साल जिथे चिकटेल तिथे डाग पडतो. पण या रंगाचं खरं कौतुक पानांच्या नक्षीत. एखादं नाजूक, कातरलेलं पान ओलं करून अंड्यावर पालथं दाबायचं, त्यावर जुन्या नायलॉनच्या पातळ मोज्याचा तुकडा ताणून मागे दोऱ्याने घट्ट गाठ मारायची. बांधणी सैल राहिली की रंग पानाखाली झिरपतो आणि नक्षीचा चिखल होतो. रात्रभर रंगासकट फ्रीजमध्ये ठेवून सकाळी गाठ कापली, पान नखाने उचललं, की विटकरी कवचावर शिरेन् शीर पांढरी उमटलेली. लाल कोबीच्या पाण्याची गंमत वेगळीच: पाणी जांभळं आणि पांढरं अंडं त्यातून निळं होऊन निघतं.

छोट्यांसाठी खाण्याचे रंग असत. अर्धा कप गरम पाणी, एक लहान चमचा व्हिनेगर आणि रंगाचे दहा ते वीस थेंब. व्हिनेगर नसेल तर रंग फिकाच राहतो, कारण कवचावरच्या प्रथिनांच्या पातळ थराला रंग धरायला आंबटपणा लागतो. त्याचं प्रमाण वाढलं की उलटंच होतं. कवच चुन्याच्याच जातीचं, त्यामुळे बारीक बुडबुडे सुटतात आणि रंग बोटाला पुसून येतो. मेणाच्या खडूने आधी नाव लिहिलं तर तेवढ्या जागी रंग चढत नाही. नाव अंडं कोमट असतानाच लिहावं, खडू कसा सरसर पळतो. वाळल्यावर तेलाचं बोट फिरवलं की चकाकी आली.

रविवारी पहाटेची उपासना. ‘प्रभू उठला आहे!’ अशी हाक, ‘खरोखर उठला आहे!’ असं उत्तर. आवाज झोपाळू, पण लक्ष बाहेरच्या अंगणात.

अंडी लपवायची ती शोधाशोधीच्या अर्धा तास आधी, आधी नाहीच. उकडलेलं अंडं दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर खाऊ नये, आणि मुंग्या त्याहून आधी पोचतात. लहानग्यांची अंडी गुडघ्याच्या उंचीपर्यंत आणि अर्धी उघडी ठेवायची, मोठ्यांची खुशाल कुंडीच्या मागे. ज्या वर्षी सगळ्यांना एकदम सोडलं, त्या वर्षी दोघा-तिघांच्या टोपल्या भरायच्या आणि बाकीच्यांचे डोळे. वयोगटानुसार रंग वाटून दिला की भांडणच संपतं: पिवळी सहा वर्षांखालच्यांची, निळी मोठ्यांची. पुढे प्लॅस्टिकची पोकळ अंडी आली. सोयीची आहेत, नाही कोण म्हणतो, पण त्यांची टक्कर लावता येत नाही.

अंड्यावर अंडं आपटायची ही टक्कर म्हणजे दिवसाचा कळस. निमुळतं टोक पुढे ठेवावं, रुंद बुडाकडे आत हवेची पोकळी असते. मूठ घट्ट आवळून टोकाचा रुपयाएवढाच भाग उघडा ठेवायचा. वरून मारणाऱ्यापेक्षा नुसतं धरून बसणारा फायद्यात असतो, ही समजूत मात्र कुणी नीट तपासली नव्हती. वाद घालायलाच ती बरी होती.

शेवटी मोजणी. म्हणून लपवताना वहीत आकडा आणि जागा लिहायच्या, आणि लिहिणारा एकच माणूस हवा. वहीत 96, टोपल्यांत 94. मग मोठी माणसं कमरेत वाकून कुंड्या हलवायला लागायची. एखादं पन्हाळीच्या कोपऱ्यात सापडायचं. दुसरं आठवड्याभराने स्वतःच आपला पत्ता सांगायचं, आणि तेव्हा ते काढायला कुणी पुढे यायचं नाही.