पिरेअसचे पुरातत्त्व संग्रहालय: बोट पकडण्यापूर्वीची एक सकाळ

ग्रीसच्या बेटांकडे निघालेले बहुतेक प्रवासी अथेन्सचे बंदर असलेल्या पिरेअसला केवळ बोट पकडण्याचे ठिकाण मानतात. आमची क्रीटची बोट रात्रीची असल्यामुळे सकाळ हाताशी होती आणि ती आम्ही खारिलाऊ त्रिकूपी रस्त्यावरील पुरातत्त्व संग्रहालयाला दिली. मूळ ग्रीक कांस्यशिल्पे पाहायची असतील, तर ही जागा चुकवू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्राचीन ग्रीक कांस्यमूर्ती बहुतांशी वितळवल्या गेल्या. त्यांपैकी अनेकींची ओळख आपल्याला रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृतींवरूनच होते. येथील मूर्ती मात्र जमिनीखाली राहिल्यामुळे वाचल्या. १९५९ साली याच शहरात भूमिगत नळांसाठी रस्ता खोदताना अपोलो, अथीना या ग्रीक देवतांची प्रत्येकी एक आणि आर्टेमिस या देवीच्या दोन अशा मूर्ती कामगारांना सापडल्या. त्या परदेशी पाठवण्यासाठी गोदामात ठेवलेल्या असाव्यात आणि इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने बंदर जाळले, तेव्हा ढिगाऱ्याखाली गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

अपोलोची मूर्ती बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ५३० ते ५२० च्या सुमाराची मानतात. तिच्याभोवती सावकाश फिरावे, कारण पाठीवर रुळणारे केस आणि खांद्यांची घडण समोरून दिसत नाही. त्या काळच्या उभ्या तरुणांच्या पुतळ्यांत डावा पाय पुढे असतो, येथे उजवा आहे. पुढे आलेल्या डाव्या मुठीत एके काळी धनुष्य होते. अथीना त्याहून सुमारे दोन शतकांनी नंतरची आणि पूर्ण उंचीच्या माणसाहूनही मोठी आहे. तिच्या शिरस्त्राणावरील ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेले काल्पनिक प्राणी) आणि घुबडे जवळ जाऊन पाहावीत. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या भव्य आकारांपुढे अधिकच थांबावेसे वाटेल.

अथेन्सजवळच्या कालिथेआ येथे सापडलेले आणि आता या संग्रहालयात असलेले सात मीटरहून उंच समाधिस्मारकही आवर्जून पाहावे. काळ्या समुद्राकाठच्या इस्त्रियाहून आलेल्या निकेरातोस आणि त्याचा मुलगा पॉलिक्सेनोस यांचे ते इ.स.पू. ३३० च्या सुमाराचे स्मारक आहे, पुढे इ.स.पू. ३१७ च्या सुमारास अथेन्समध्ये असल्या खर्चिक समाध्यांवर बंदीच आली. त्रिरेम म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या प्राचीन युद्धनौकांच्या पुढच्या टोकावर बसवलेले संगमरवरी डोळेही शोधावेत.

अथेन्सहून येताना मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेने दिमोतिको थिआत्रो स्थानकावर उतरावे. तेथून संग्रहालय चालत जाण्याजोगे आहे. दीड-दोन तास हाताशी ठेवावेत आणि शक्य असल्यास सामान मुक्कामीच ठेवून यावे. ग्रीसमधील अनेक सरकारी संग्रहालये मंगळवारी बंद असतात आणि काही दुपारीच मिटतात, त्यामुळे आदल्या दिवशी वेळ तपासून सकाळीच पोहोचावे. मागील बाजूस झेआच्या प्राचीन नाट्यगृहाचे अवशेष आहेत, तेही पाहून घ्यावेत. बंदराची प्रवेशद्वारे एकमेकांपासून बरीच दूर असल्यामुळे तिकिटावरील द्वारक्रमांक पाहून, पुरेसा वेळ राखूनच बोटीकडे निघावे.