‘दुबार’ म्हणून वगळलेल्या काचा

जादूचा कंदील, म्हणजे मॅजिक लँटर्न, हे काचेवरचं चित्र उजेडाने पडद्यावर मोठं पाडणारं यंत्र. त्याच्या हाताने रंगवलेल्या काचांची ती पेटी दुसऱ्या एका संस्थेकडून आमच्या संग्रहात आली. सोबतच्या यादीत बऱ्याच नोंदींपुढे लाल शाईत शेरा होता : ‘दुबार, वगळले’. पेटीतले निम्मे खण रिकामे.

रंगवलेल्या काचेला आम्ही ओलं काहीही लावत नाही. पाणी नाही, स्पिरिट तर नाहीच. रंग इतका कच्चा धरलेला असतो की एका बोळ्यासरशी भुवई निघून येते. रबरी फुंकणीने धूळ उडवायची आणि कडा धरून काच लाइट टेबलावर ठेवायची. आकृतीभोवतीची सगळी काच काळ्या रंगाने बुजवलेली असते. उजेड फक्त आकृतीतून जातो, म्हणून पडद्यावर ती अंधारात मोकळी उभी राहते.

पैलवानाची एक ‘दुबार’ जोडी वगळायची राहून गेली होती. काचेवर काच ठेवता येत नाही, म्हणून दोन्हींचे फोटो संगणकावर एकावर एक चढवले. लंगोट, पाय, मिशी तंतोतंत जुळली. उजवा हात मात्र एकीत मांडीशी, दुसरीत खांद्याच्या वर. दोन्ही फोटो आलटून पालटून दाखवले आणि पैलवानाने शड्डू ठोकला! मी मोठ्याने ओरडलेच.

कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांचा ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या कंदिलाचा खेळ याच तंत्रावर चाले. एका पात्राच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर, एकाहून जास्त कंदील, एकाचा उजेड झाकला की दुसऱ्याचा सोडायचा. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं, म्हणजे सिनेमा, दिसली, त्याच्याही आधी आपल्याकडे पडद्यावर माणसं हलत होती. आमची पेटी कोणाच्या हातची, हे अजून ठरलेलं नाही.

पुस्तकांच्या प्रती मोजायची सवय काचांना लावली, तिथेच घात झाला. सारखेपणा पाहिला, फरक कोणी पाहिलाच नाही. वगळलेल्या काचा कुठे गेल्या म्हणून त्या संस्थेला पत्र लिहिलं. ‘नोंद उपलब्ध नाही’ एवढं उत्तर आलं. आता पेटीत हत्तीची एकच काच आहे. त्याची सोंड हलायची की पाय, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

कोणाच्या माळ्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एकच आकृती असलेली काच असेल, तर कृपा करून पुसू नका. मागून उजेड धरून फोटो काढा आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. कडेच्या कागदी पट्टीवर आकडा असेल तर तोही फोटोत येऊ द्या. जोडी त्यावरूनच लागते.