पुएर्तो वायार्ता: सहा थांबे आणि मावशीचा गुरुवार

पुएर्तो वायार्तातली फूड टूर, म्हणजे गाइडबरोबर गल्लोगल्ली फिरत खायची सहल, गुरुवारची बुक केली आणि तिथेच माती खाल्ली. मावशी सोमवार-गुरुवार मासेसुद्धा खात नाही. वेंगुर्ल्याहून ती चार महिन्यांसाठी डॅलसला आमच्याकडे आली होती, तिथून आमच्याबरोबर मेक्सिकोला निघालेली. पण देश दोनदा बदलला म्हणून वार थोडाच बदलतो! टूरवाल्यांना मेसेज केला, त्यांनी कुरकुर न करता शुक्रवार दिला.

खरं तर ही टूर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. आम्ही केली पाचव्या दिवशी. आधीचे चार दिवस रिसॉर्टच्या बुफेत तेच तेच पास्ता-सॅलड खाण्यात गेले. त्यातली एक सकाळ तर लॉबीतल्या एका गोड माणसाने 'फुकट शहरदर्शन' म्हणून खाल्ली. ते निघालं टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वर्षाकाठी ठरावीक दिवसांचा वाटा) विकायचं तीन तासांचं कीर्तन. विमानतळावर बाहेर पडतानाही असेच टेबलं मांडून बसलेले असतात, टॅक्सी लागते का विचारतात. थांबू नका. सरळ बाहेर या, हायवेवरचा पादचारी पूल ओलांडा, पलीकडे टॅक्सी बऱ्याच स्वस्त मिळते.

पुएर्तो वायार्ता हे शहर मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, पॅसिफिक किनाऱ्यावर. १९६३ साली शेजारच्या मिस्मालोयाला हॉलिवूडचं शूटिंग झालं, रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांच्या प्रेमप्रकरणामागे फोटोग्राफर धावत आले आणि या छोट्या गावाचं नाव जगभर झालं. मोठी रिसॉर्टं उत्तरेला आहेत. खायचं गाव मात्र कुआले नदीच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या गल्ल्यांत. रस्ते गोट्यांचे, चढउताराचे. मावशीने हौसेने नवी चप्पल घातली होती, दुसऱ्या गल्लीत ती वैतागली. बूटच घाला.

आमची गाइड तिथलीच एक पंचविशीतली मुलगी. दहा जणांचा गट, साडेतीन तास, सहा थांबे, माणशी ७० डॉलर. महाग वाटलं, कारण गाड्यावर एक टाको (तोर्तिया या मक्याच्या पातळ पोळीत भरलेलं मांस किंवा मासा) २५-३० पेसोंना मिळतो आणि डॉलरला १७-१८ पेसो येतात. पण नुसतं खायला पैसे दिले असं धरूच नका. गाड्यावर उभं कसं राहायचं आणि काय विचारायचं, ते शिकायचे हे पैसे.

पहिला थांबा बिर्रियाचा. मसाल्यात तासन्‌तास शिजवलेलं मटण, ही हालिस्कोची खासियत. मूळ बोकडाचं, पण आता बऱ्याच ठिकाणी गोमांसाचं असतं, आणि इथेच आपल्यातल्या अनेकांनी कान टवकारायला हवेत. 'रेस' म्हणजे गोमांस. 'चीवो' बोकड, 'पोयो' कोंबडी, 'पुएर्को' डुक्कर, 'पेस्कादो' मासा, 'कामारोन' कोळंबी. 'कार्ने आसादा' किंवा 'बिस्तेक' दिसलं की ते रेसच समजा. या अर्ध्या डझन शब्दांवर आमची पुढची सहल निभावली. शाकाहाऱ्यांसाठी आणखी एक शब्द: 'मांतेका', म्हणजे डुकराची चरबी. निरुपद्रवी दिसणाऱ्या राजम्यासारख्या उसळीत ती बिनदिक्कत घातलेली असते. म्हणून बुकिंग करताना नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. चरबी नको, मटणाचा रस्साही नको, असं फोड करून लिहा. आमच्या गटातल्या एका शाकाहारी मुलीने ते लिहिलं नव्हतं. तिला सहापैकी चार ठिकाणी चीज घातलेली तोर्तियाच मिळाली.

त्या गाड्यावर एक गंमत पाहिली. प्लास्टिकच्या ताटलीवर पातळ पिशवी चढवलेली, त्यात टाको. खाऊन झालं की पिशवी ओढून फेकायची, नवी चढवायची. ताटली धुवायचा प्रश्नच नाही. मावशीला हे भलतंच पटलं. बोकडाचं आहे ना, हे तिने गाइडकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग तीन खाल्ले.

दुसरा थांबा तोर्तियेरिया, म्हणजे तोर्तियांचं दुकान. आत मक्याचा उकडल्यासारखा वास, यंत्रातून फुगत बाहेर येणाऱ्या तोर्तिया आणि कागदात किलोवर विक्री. गाइडने सांगितलं, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, साल सुटते, मग दळतात. मी भाषांतर केल्यावर मावशीने विचारलं, "चुना? पानाला लावतो तो?" तोच. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. गाइडने प्रत्येकाला एक गरम तोर्तिया दिली, वर नुसतं मीठ. टूरमधलं सगळ्यात चांगलं खाणं कोणतं, असं विचाराल तर माझं उत्तर हेच.

मग मासे. सारांदेआदो म्हणजे पाठीतून उघडून, मिरचीचं वाटण फासून निखाऱ्यावर भाजलेला मासा; हा मूळ शेजारच्या नायारित राज्यातला. इथे मावशी गप्प झाली. ती गप्प झाली की जेवण पास. समुद्रावर काडीला लावून भाजलेला मासा मिळतो, त्याला 'एम्बारासादो' म्हणतात. शब्दशः अर्थ गरोदर! 'एन व्हारा आसादो', काडीवर भाजलेला, हेच भरभर म्हणून तसं झालं, असं गाइड हसत सांगत होती. पुढे आलं आग्वाचिले, लिंबू-मिरचीत मुरवलेली कच्ची कोळंबी. "गॅस संपलो काय ह्यांचो?" म्हणत मावशीने बशी परत सरकवली. मी खाल्ली, आवडली, पण पोट नाजूक असेल तर मावशीचंच ऐका.

तिखटाबद्दल आपल्याला जरा गर्वच असतो. नवऱ्याने हिरवी, मऊसर दिसणारी साल्सा, म्हणजे चटणी, आवोकाडोची समजून चमचाभर ओतली. तिच्यात आवोकाडो नव्हताच. तेलात घोटलेली मिरची होती. 'पीका?' म्हणजे तिखट आहे का, असं आधी विचारा. उत्तर 'नाही' आलं तरी टोकावर घेऊनच चाखा.

समुद्रकाठच्या मालेकोन या फिरायच्या रस्त्यावर भोपळ्याचं भांडं घेतलेला एक माणूस उभा होता. प्लास्टिकच्या पेल्यात पांढुरकं पेय, वर सफरचंदाचे तुकडे आणि शेंगदाणे. नाव 'तूबा'. मावशीने एक घोट घेतला आणि ओरडलीच, "अगो, ही तर माडी!" माडीच ती. १५६५ पासून अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पेनची गलबतं ये-जा करत होती. त्यांवरून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी माड छेदायची विद्या या किनाऱ्यावर आणली. मिरची, पेरू, चिकू तिकडून आपल्याकडे आले हे ठाऊक होतं. माडी मात्र आशियातून उलट्या दिशेने इथे येऊन बसली होती. शेजारी गाडीवर तिखटमीठ लावलेले चिंचेचे गोळे आणि खोबऱ्याच्या वड्या होत्या, या वड्यांना 'कोकादा' म्हणतात. सहाव्या थांब्यावरच्या आइस्क्रीमला कुणाच्याच पोटात जागा नव्हती. सकाळी नाश्ता करून येऊ नका, कळकळीने सांगते.

बाकी व्यवहाराचं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र परत अमेरिकेत शिरता येईल असाच तो असू द्या. सुटे पेसो जवळ ठेवा, गाड्यांवर कार्ड चालेलच असं नाही. एटीएम 'तुमच्या चलनात बदलून देऊ का' विचारतं, त्याला नाही म्हणा. गाइडला १०-१५ टक्के टिप देतात. जून ते ऑक्टोबर पाऊस आणि चिकचिक. डिसेंबर ते मार्च गेलात तर उपसागरात देवमासेही दिसतील. आणि वेळ पाहून टूर निवडा: बिर्रिया सकाळचा, मासे दुपारचे, उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचा टाको, आल पास्तोर, अंधार पडल्यावरचा. आमची टूर दुपारची, त्यामुळे पास्तोर हुकला.

तो त्याच संध्याकाळी आम्ही आमचे आम्ही जाऊन खाल्ला. लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्याचा हा मेक्सिकन अवतार, डुकराचा, म्हणून मावशीसाठी आधी विचारून कोळंबीचा टाको घेतला. आधी खायचं, मग किती खाल्ले ते आपणच सांगायचं आणि पैसे द्यायचे. नवऱ्याने पाच सांगितले. मावशीने मागून त्याला कोपर मारलं, "सहा."

निघायच्या सकाळी ती मला पुन्हा तोर्तियेरियात घेऊन गेली. अर्धा किलो घेतल्या. वेंगुर्ल्याहून आणलेली लसणीची चटणी तिच्या पर्समध्ये होतीच. विमानतळावर गेटजवळ बसून खाल्ल्या, आणि विमान लागलं तेव्हा कागदात दोनच उरल्या होत्या.