कोपऱ्यातली सही

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा शाळेतील सर्व गुरुजनांविषयी चार चार ओळी लिहाव्यात असे मनात होते. लिहायला बसलो आणि चित्रकलेच्या सरांपलीकडे लेखणी सरकेना. इतर गुरुजनांनी मला क्षमा करावी. त्यांनी मला पुष्कळ शिकवले, परंतु आज रोज पहाटे उठून मी जे करतो आणि ज्याच्यामुळे माझा दिवस उजाडतो, ते सरांच्या हातून मला मिळालेले आहे.

१९८२ साली मी आठवीत होतो आणि एलिमेंटरी या चित्रकलेच्या पहिल्या ग्रेड परीक्षेला बसलो होतो. ग्रेड परीक्षेचे जादा तास शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेशेजारच्या लांबट खोलीत होत असत. चित्र काढणे मला मनापासून आवडे, आणि तरीही माझ्या चित्रकलेच्या वहीत एकही चित्र पुरे झालेले नव्हते. जास्वंदीच्या दोन पाकळ्या रंगवलेल्या आणि तीन कोऱ्या, बैलगाडीला एकच चाक, देवळाचा कळस आहे पण पायऱ्या नाहीत, अशी ती वही होती. चित्र अर्ध्यावर आले की आता पुढे ते बिघडणार, अशी खात्री वाटू लागे आणि मी पान उलटत असे. अपुऱ्या चित्राला कोणी वाईट म्हणत नाही, "पुरे केले असते तर छान झाले असते" असेच म्हणतात, हे त्या वयातही मला कुठेतरी कळले होते आणि त्या आडोशाला मी सुखाने राहत होतो.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आवडीच्या गोष्टीपासून घरच्यांनी अडवले, परिस्थितीने अडवले, असे अनेकजण सांगतात आणि त्यांचे ते खरेही असते. माझ्या बाबतीत तसे काहीच नव्हते. वडिलांनी कधी नको म्हटले नाही, पहिल्या तारखेला रंगाच्या वड्यांची पेटीही आणून दिली. दारात आडवा उभा होतो तो मीच, आणि हे सरांनी माझ्या आधी ओळखले.

त्या दिवशी वस्तुचित्राचा सराव होता. टेबलावर निळ्या कापडाची घडी, तिच्यावर पितळी तांब्या आणि शेजारी एक पेरू मांडलेला होता. तांब्याचे तोंड वरून दिसत असल्यामुळे लंबवर्तुळ काढावे लागते, आणि बुडाचा गोलावा डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली असल्याने तोंडापेक्षा अधिक फुगीर घ्यावा लागतो. ते मला समजत होते, पण हाताला साधत नव्हते. मी काढत होतो आणि खोडत होतो. कार्ट्रिज कागदाचा तेवढा भाग लव आल्यासारखा खरबरीत झाला, त्याच्यावर पेन्सिल काळपट उठू लागली, तेव्हा मी कागद पॅडवरून काढून दुमडला आणि पोट दुखत असल्याचे सांगून उठलो.

सरांनी पोटाची चौकशी केली नाही. त्यांनी माझी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश पाहिली. मग कपाटातून मागल्या वर्षीच्या सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा काढला. एका बाजूस सहामाहीचा भूगोल होता, दुसरी बाजू कोरी होती आणि तिच्यावर पाठीमागची शाई जागोजागी उतरली होती. तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "हा कागद आधीच बिघडलेला आहे. तू आणखी काय बिघडवणार? काढ." मी खोडरबर हातात घेतला, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. "तास संपायच्या आत उजव्या कोपऱ्यात सही आणि तारीख घालायची. जसं असेल तसं. सही केल्याशिवाय उठायचं नाही."

त्या संध्याकाळी मी पाच तांबे काढले. पहिला डाव्या अंगाला कललेला होता, दुसऱ्याचे तोंड थाळीएवढे झाले होते, आणि त्यांच्याखाली आपले नाव घालताना माझे कान तापले होते. चुकीची रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढायची, हे त्या दिवशी प्रथम केले. पाचव्या तांब्याच्या मानेवर खिडकीचा उजेड पडला होता, त्याची पट्टी मी कोरी सोडली आणि पितळ चकाकले. सरांनी पाचही कागद पाहिले, त्यांतल्या कोणत्याही कागदाला चांगले वा वाईट म्हटले नाही, फक्त सह्यांवर बोट ठेवत मोजले आणि खोडरबर परत दिला.

पुढे इंटरमिजिएट या दुसऱ्या ग्रेड परीक्षेच्या वर्षी सर आम्हांला आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात घेऊन गेले. तेथे चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रे पाहिली आणि माझ्या मनाने नवी सबब शोधली. असे काढणारे होऊन गेल्यावर आपण कशाला कागद खराब करावेत? आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, कोल्हापुरास परतून शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावाच्या पाण्यात सोडली, असे आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ही हकिगत मला भारी आवडली होती. मी सरांना म्हटले, एवढ्या मोठ्या माणसालाही आपली चित्रे ठेवावीशी वाटली नाहीत. सर चालता चालता थांबले. "अरे, त्यांनी चित्रं पुरी केली आणि मग पाण्यात सोडली. तू काढायच्या आधीच बुडवतोस." इतके कठोर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

मला इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली. त्यानंतर वाणिज्य शाखा, बँकेची नोकरी आणि संसार. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. १९९४ साली बँकेच्या प्रशिक्षणासाठी पुण्यास गेलो असता शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून जाड, खडबडीत पोताचे बारा कागद आणले. इतक्या चांगल्या कागदाला शोभेल असा हात आधी तयार व्हावा म्हणून ते कपाटात ठेवले, आणि तो हात तयार होण्याची वाट पाहण्यात बावीस वर्षे गेली. वेळ नाही, असे मी सर्वांना सांगत असे. रविवारी दुपारी दोन तास झोपणाऱ्या माणसाला वेळ नव्हता, हे आज लिहिताना वाईट वाटते.

२०१६ साली आमच्या शाखेत जुन्या नमुन्याचे, वापरातून गेलेले कोरे फॉर्म रद्दीत निघाले. साहेबांना विचारून मी एक गठ्ठा मुलीच्या कच्च्या कामासाठी घरी आणला. ती तेव्हा आठवीतच होती. तिने तांब्याचे तोंड कसे काढायचे म्हणून विचारले आणि मी त्यांतलाच एक फॉर्म उलटा करून तिला काढून दाखवला. दाखवून झाल्यावर हात आपोआप उजव्या कोपऱ्याकडे गेला आणि त्याने सही केली, तारीख घातली. चौतीस वर्षांत मी जे विसरलो होतो, ते हाताने विसरलेले नव्हते. त्या रात्री मी आणखी तीन फॉर्म उलटे केले.

पुढील सहा महिने रोज एक चित्र, बहुतेक पंचगंगेच्या घाटावर बसून. दीपमाळा, पायऱ्यांवर धुणे आपटणाऱ्या बायका, पाण्यात उतरलेल्या म्हशी. भीती गेली होती असे मुळीच नाही. पॅड मांडीवर घेतले की आजही छातीत काही क्षण धडधडते. फरक एवढाच पडला की ती थांबण्याची वाट पाहणे मी सोडून दिले.

तो गठ्ठा घेऊन सरांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना मोतीबिंदूने अंधुक दिसत होते. त्यांनी एकेक फॉर्म डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, तळहाताने उजवा कोपरा चाचपला आणि विचारले, "आणि चांगला कागद कधी काढणार?" हातकागदाविषयी मी त्यांना एक शब्दही बोललो नव्हतो. घरी येऊन कपाट उघडले. कागदांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, एकाला कसर लागली होती. उरलेल्या अकरांवर केलेली जलरंगातील चित्रे पुढे राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मित्रांसह भरवलेल्या प्रदर्शनात मांडली. सर नातवाचा हात धरून आले आणि खुर्ची मागवून तासभर बसले. आज ते नाहीत.

गेल्या महिन्यात शाळेत आलो होतो. चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आहेत. ते हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही, पण चित्रकलेचे तास कोण घेतो म्हणून विचारले तेव्हा ज्यांचा तास रिकामा असेल ते घेतात, असे उत्तर मिळाले, आणि ते मला फार लागले. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे गुण हल्ली दहावीत मिळतात, त्यामुळे परीक्षेला बसणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्यातही वही अर्ध्यावर सोडणारा एखादा असणारच, आणि त्याची वही पहिल्या पानापासून पाहणारे कोणीतरी तेथे असले पाहिजे. संस्थेने अनुमती दिली तर शनिवारी दोन तास मी विनामूल्य येईन, तसे पत्र मुख्याध्यापकांना दिले आहे.

समितीने स्मरणिकेसाठी शाळेच्या जुन्या इमारतीचे चित्र मागितले होते, ते सोबत जोडले आहे. उजवीकडच्या व्हरांड्याची कमान मनासारखी उतरलेली नाही आणि पिंपळाची सावली थोडी जड झाली आहे. खाली कोपऱ्यात सही आणि तारीख आहे.