शेजारशेजारच्या लिफ्टवर व्हेक्टर आणि सलीन

दक्षिण कॅलिफोर्नियात दुर्मीळ मोटारींची खरेदीपूर्व तपासणी करणे हा माझा व्यवसाय आहे. व्हेक्टर डब्ल्यू-८ घ्यावी की सलीन एस-७, हे एका ग्राहकाला ठरवता येत नव्हते, म्हणून त्याने दोन्ही गाड्या एकाच दिवशी आमच्या गॅरेजमध्ये आणवल्या. ग्राहकांसाठी डब्ल्यू-८ अवघ्या 17 तयार झाल्या होत्या. त्यामुळे ती लिफ्टवर चढलेली पाहणे हेच माझ्या दृष्टीने अप्रूप होते.

गेराल्ड विगर्ट यांनी 1990च्या सुमारास विल्मिंग्टनच्या कारखान्यात बांधलेली ही मोटार विमानविद्येच्या आकर्षणातून जन्मली आहे. मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचे ॲल्युमिनियमचे पत्रे इपॉक्सीने चिकटवून वर रिव्हेट मारलेले, बाहेरचे अंग कार्बन फायबर आणि केव्हलारचे, आत फ्यूजऐवजी विमानातले सर्किट ब्रेकर. मी सांध्यांवरून एकेक करून बोट फिरवले. तीस वर्षांनंतरही चिकटवण कुठे सुटलेली नव्हती. इंजिन मात्र शेवरलेच्या जुन्या व्ही-८ घराण्यातले, सहा लिटरचे आणि दोन टर्बोचार्जरांचे असून ते 625 अश्वशक्ती देते. त्याला जोडलेला तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मुळात ओल्ड्समोबिल टोरोनाडोसाठी घडवलेला होता. एवढ्या आक्रमक देहात एका ऐसपैस प्रवासी गाडीचा गिअरबॉक्स पाहून आमच्या मेकॅनिकला हसू आवरेना. मला मात्र ती निवड शहाणपणाची वाटते, कारण अमेरिकी बाजारात तेव्हा सहज मिळणाऱ्या गिअरबॉक्सांमध्ये इतका पिळाचा जोर सोसणारे फार थोडे होते, आणि त्याचे सुटे भाग जाणणारे कारागीर आजही सापडतात.

स्टीव्ह सलीन यांनी 2000 साली लोकांपुढे आणलेली एस-७ निराळ्याच विचाराची निघाली. तिचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, अंग संपूर्ण कार्बन फायबरचे, आणि चालकाच्या मागे फोर्डच्या कुळातले सात लिटरचे, टर्बोविरहित, 550 अश्वशक्तीचे इंजिन. गिअर सहा आणि तेही हाताने टाकायचे. ताशी 160 मैलांना हवेचा खाली दाबणारा जोर गाडीच्या वजनाइतका होतो, असा कंपनीचा दावा होता. तो तपासण्याची सोय गॅरेजमध्ये नसते, पण पोटाखालचा सपाट तळ आणि मागचे हवा फेकणारे मार्ग पाहिल्यावर ही आकृती शोभेसाठी काढलेली नाही एवढे नक्की कळते. शर्यतीची एस-७ आर 2001 साली फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावलीही होती. व्हेक्टरला असा कस कधी लागला नाही. आमच्याकडे आलेल्या एस-७च्या पुढच्या ओठाला खालून ओरखडे होते, बाकी तक्रार नव्हती.

चालवण्यासाठी एस-७ घ्यावी, असे मी अहवालात निःसंदिग्ध लिहिले. तिचे इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन एकमेकांना धरून काम करतात. डब्ल्यू-८मध्ये प्रत्येक भाग उत्कृष्ट असूनही पूर्ण गाडीवर शर्यतीच्या मैदानातले संस्कार झालेले नाहीत. खर्चाविषयी मात्र ग्राहकाला माझे मत अनपेक्षित वाटले. व्हेक्टरचे इंजिन आणि गिअरबॉक्स दुरुस्त करणे तुलनेने सोपे आहे. धास्ती आहे ती फक्त चालकासमोरच्या, माहिती दाखवणाऱ्या विमानी धाटणीच्या पडद्यांची आणि बाहेरच्या अंगाची, कारण ते बिघडले किंवा फुटले तर नवे करूनच घ्यावे लागतील. म्हणून व्हेक्टरच घ्यायची असेल, तर पडदे चालू असतानाचा पूर्ण तापलेल्या इंजिनाचा आणखी एक तास मला द्यावा, मगच सौदा करावा, अशी अट मी अहवालात घातली.